स्टुलावरचे गठ्ठे

मी ज्या साड्यांच्या दुकानात काम करते, त्याच्या दुसऱ्या मजल्यावर अकरा स्टुलं आहेत. लोखंडी पाय, वर तपकिरी रेक्झिनची गादी. ती आली त्या दिवशी मीच मोजून घेतली, कागदावर सही केली आणि प्रत्येक काउंटरमागे एकेक ठेवून घेतलं. पुढे वर्षाच्या वर गेलं, तरी त्यांवर कोणी बसलं नाही. बसू दिलं नाही, असं म्हणायला हवं. आणि बसू न देणारी मी. हे लिहायचं मी बरेच महिने टाळत होते, कारण स्वतःबद्दल लिहिताना माणूस स्वतःला आहे त्याहून बरं रंगवतो. तसं कुठे झालं असेल, तर वाचणाऱ्याने ते खरं धरू नये.

माझं माहेर सांगलीकडचं. लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. सासरचे लोक तंजावरकडचे मराठी, कित्येक वर्षं चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीत राहिलेले. त्यांची मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझी ऐकून त्यांना. नवरा एग्मोरच्या एका कचेरीत कारकून. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी घरी बसून चिडचिडी झाले. राग तसाही माझ्या नाकावरच असतो, पण तेव्हा तो सासूबाईंच्या वाट्याला जास्त यायला लागला. शेवटी त्यांनीच सुचवलं, जा बाई, कुठे तरी नोकरी कर. टी. नगरमध्ये एका मोठ्या साड्यांच्या दुकानात बायका हव्या होत्या. मी गेले आणि लागले.

पहिल्या दिवशी मला कळलं की या कामात साड्या दाखवणं हा फार छोटा भाग आहे. मोठा भाग उभं राहण्याचा. तळमजल्यावर रेशमी साड्या असतात. तिथे पुरुष विक्रेते गादीवर मांडी घालून बसतात, कारण रेशीम बसूनच दाखवायचं अशी या धंद्यातली जुनी रीत. वरच्या मजल्यांवरच्या सुती आणि रोजच्या साड्या उभ्यानेच दाखवायच्या, आणि त्या दाखवायला आम्ही बायका. सकाळी साडेनऊला काउंटरमागे उभं राहायचं, ते दुपारी जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी सोडली तर रात्री दुकान मिटेपर्यंत. गिऱ्हाईक असो वा नसो. पायाखाली गुळगुळीत ग्रॅनाइट. एसीने ते इतकं गार पडतं की दुपारनंतर पोटऱ्या दगडासारख्या होतात.

माझ्या शेजारच्या काउंटरला एक बाई होती. मी तिला अक्का म्हणायचे, तिथे सगळ्याच वयाने मोठ्या बाईला अक्का म्हणतात. मी आले तेव्हा तिला तिथे आठ-नऊ वर्षं झाली होती. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, शहराबाहेर तांबरमच्या पुढे एका खोलीत एकटी राहायची. तिच्या केसांत रोज मोगरा असायचा, आणि बोलायची इतकं हळू की गिऱ्हाइकाला पुढे वाकावं लागायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी काउंटरला धरून एकेक पाय उचलत होते. साड्यांच्या रिकाम्या खोक्याचा एक पुठ्ठा तिने फाडला, दुमडला आणि पायाने माझ्याकडे सरकवला.

"यावर उभी राहा, कण्णु," ती म्हणाली. "चप्पल काढ. दगडाचा गारठा वर चढत नाही."

माझं तमिळ तेव्हा कच्चं होतं, पण ते मला समजलं; कण्णु हे लाडाने म्हणतात, हेही. पुढे तिने मला सगळंच शिकवलं. काउंटरच्या खालच्या फळीवर गुडघा टेकवून वजन कसं बदलायचं. साडी घडी करताना पाठ काउंटरच्या कडेला कशी टेकवायची, म्हणजे वरच्या कॅमेऱ्याला वाटावं की काम चाललंय. सगळ्यात खालच्या कप्प्यातली साडी काढायच्या निमित्ताने उकिडवं बसून आठ-दहा श्वास कसे घ्यायचे. आणि ब्लाउज पीसच्या काउंटरवरची लोखंडी मोजपट्टी. मजल्याची सुपरवायझर जिन्याने येताना दिसली की तिथली बाई पट्टी काउंटरवर दोनदा आपटायची. टक टक. मग सगळ्या सरळ. त्या दोन ठोक्यांवर आम्ही दिवस काढले. मला तमिळ नीट यायला लागलं ते तिच्याचमुळे, आणि माझ्या चुकीच्या उच्चारांना ती जितकं हसली तितकं सासरीसुद्धा कोणी हसलं नाही.

घरी आल्यावर सासूबाई मीठ घातलेल्या गरम पाण्याची बादली तयार ठेवायच्या. "पाय सोड त्यांत," म्हणायच्या, "मी सुक्कु काफी आणते." सुंठेची ती काळी कॉफी पिता पिता मी दुकानातल्या सुपरवायझरीणबाईंना मनसोक्त शिव्या द्यायचे. कसली दगडाच्या काळजाची बाई आहे, वगैरे. सासूबाई ऐकून घ्यायच्या.

सहा वर्षांनी ती बाई निवृत्त झाली आणि तिच्या जागी मला नेमलं.

खरं म्हणजे ती जागा अक्काची होती. सगळ्या मजल्याला ते ठाऊक होतं. पण दुकानात उत्तरेकडची गिऱ्हाइकं वाढली होती, मला हिंदी येत होतं, थोडं इंग्रजी येत होतं, आणि मी चटपटीत दिसत होते. मालकांना आम्ही सगळे मुदलाळी म्हणतो. त्यांनी मला वर बोलावून सांगितलं तेव्हा मी एकदाही म्हटलं नाही की अक्काला विचारा. खाली आले तर तिनेच पुढे येऊन माझा हात धरला. म्हणाली, "चांगलं झालं." दुसऱ्या दिवसापासून ती मला मॅडम म्हणायला लागली. आदल्या दिवसापर्यंत 'तू' होतं, ते 'तुम्ही' झालं. मी म्हणायला हवं होतं, अक्का, असं काय करता? मी म्हटलं नाही. मला ते कानाला गोड लागलं.

आता लाजिरवाण्या गोष्टींपैकी पहिली. आठवडाभरात मी पुठ्ठे गोळा करायला लावले. आधीच्या सुपरवायझरला ते कधी दिसलेच नव्हते, कारण ती कधी काउंटरमागे उभी राहिलेली नव्हती. ती सरळ वरच्या जागेवर आली होती. मला मात्र कुठे काय दडवलेलं असतं ते तोंडपाठ होतं. कोणत्या काउंटरखाली पुठ्ठा, कोण गुडघा टेकवतं, खालच्या कप्प्यातली साडी काढायला कोणाला किती वेळ लागतो. मोजपट्टीचे दोन ठोके मला ऐकू आले की मी आल्या वाटेने परत फिरायचे आणि पलीकडच्या जिन्याने वर यायचे. पोरी गोंधळून जायच्या. मला त्याची मजा वाटायची, हे लिहिताना आत्ताही चेहरा गरम होतो. मुदलाळींनी एकदा येऊन पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा मजला सगळ्यांत नीटनेटका." त्या एका वाक्यावर मी महिनाभर हवेत होते.

घरी सासूबाईंनी एक दिवस विचारलं, "आतां बादली मागत नाहीस?"

"आता मी फिरते ना दिवसभर, उभी नसते. आणि जिन्याजवळ खुर्ची आहे मला."

"आणि त्या पोरी?"

"त्या पोरींचं काय?" मी खेकसले.

मग सरकारने कायदा केला, की दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यायलाच हवी. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यांना बसता आलं पाहिजे. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, आमच्या बायका डबे उघडून जेवताना त्याच्याबद्दल कुजबुजत होत्या. स्टुलं आली त्या सकाळी मजल्यावर सणासारखं वाटत होतं. एकीने तर हात फिरवून गादी किती मऊ आहे ते पाहिलं. अक्काने काही हात फिरवला नाही, पण ती स्टुलाकडे बघत होती. तोवर तिच्या पायाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या, साडीच्या काठाखालून दिसायच्या. डाव्या घोट्यावर काळसर डाग पडला होता.

मुदलाळींनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर चार फोन वाजत होते. "स्टुलं आलीत," ते म्हणाले. "कायदा आहे, ठेवावी लागतील. पण आपलं दुकान आहे, गिऱ्हाईक वर आलं आणि सगळ्या बसलेल्या दिसल्या तर बरं दिसत नाही. तुम्ही बघून घ्या." एवढंच. मग त्यांनी फोन उचलला.

'बघून घ्या' याचा अर्थ काहीही होऊ शकला असता. पाळ्या लावता आल्या असत्या. जिन्याजवळच्या काउंटरवाल्यांनी उभं राहावं, आतल्यांनी बसावं, असं करता आलं असतं. दुपारी दोन ते चार माशा मारायची वेळ असते, तेव्हा सगळ्यांना बसवता आलं असतं. मी जिन्याने खाली येता येता विचार केला आणि मला जे सुचलं, ते असं. प्रत्येक स्टुलावर साड्यांचा एक गठ्ठा ठेवायचा. वीस-पंचवीस साड्या, नीट बांधलेल्या. कोणी तपासायला आलं तर स्टूल आहेच, आणि माल तात्पुरता ठेवलाय म्हणता येतं. बसायचं तर आधी गठ्ठा उचलायला हवा, तो ठेवायला जागा हवी, आणि तेवढं करताना कॅमेऱ्यात दिसणार. कोणाला 'बसू नका' असं म्हणायची गरजच नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. ते गठ्ठे मी स्वतः उभी राहून ठेवून घेतले.

आमच्याकडच्या बायका बोलत नाहीत. हात फिरवणारी ती मुलगी तेवढी गठ्ठ्याकडे बघत राहिली, मग तिने ब्लाउज पीसची गुंडाळी उलगडायला घेतली.

नऊ-दहा महिन्यांनी, जुलै-ऑगस्टमधला आडी महिन्याचा सेल संपून गर्दी ओसरली तेव्हा, अक्का माझ्या खुर्चीजवळ आली. तिने ब्लाउजमधून घडी केलेली चिठ्ठी काढली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने लिहिलेली. घोट्याजवळची जखम भरत नाहीये, जास्त वेळ उभं राहू नये, मधून मधून पाय वर घेऊन बसावं.

"दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा थोडंसं बसले तर?" ती म्हणाली. "मी कोपऱ्यात आहे. दिसणार नाही."

मी चिठ्ठी पूर्ण वाचली. दोनदा वाचली, कारण मला वेळ हवा होता. मग म्हणाले, "अक्का, तुम्हाला दिलं तर सगळ्या मागतील."

"हो," ती म्हणाली. तिने चिठ्ठी होती त्याच घड्यांवर पुन्हा घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. तिने आग्रह केला असता तर मी चिडले असते आणि चिडून का होईना, हो म्हटलं असतं, असं मी नंतर स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मी नाहीच म्हटलं असतं. मला भीती वाटत होती, की एक गठ्ठा हलला तर माझी जागा हलेल. आणि भीतीपेक्षा मोठी एक गोष्ट होती. मी नाही म्हटलं की ते नाही ठरतं, याची मला चटक लागली होती.

त्यानंतर महिनाभराने तपासणीला अधिकारी आले. खाली आल्याची वर्दी मला इंटरकॉमवर मिळाली आणि मी घाईघाईने पाच-सहा गठ्ठे उचलायला लावले, पण कोपऱ्यातले राहिले. अधिकारी मध्यमवयाचे, सभ्य गृहस्थ होते, हातात फाइल. त्यांनी स्टुलं मोजली. मग नेमके कोपऱ्यात अक्काजवळ थांबले आणि विचारलं, "अम्मा, तुम्हाला इथे बसायला मिळतं का?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. त्या नजरेत ना राग होता ना विनवणी. मी काय म्हणायला सांगतेय, एवढंच ती बघत होती. मी तिच्याकडे ज्या तऱ्हेने पाहत होते, ते मला आठवतं. मान हलवली नव्हती, पण हलवायची गरज नव्हती.

"मिळतं सार," ती म्हणाली. "गिऱ्हाईक नसलं की बसतो आम्ही."

"मग बसा ना. आत्ता कुठे गिऱ्हाईक आहे?" ते सहज म्हणाले. त्यांना संशय आला होता की नुसतीच माया वाटली, कोण जाणे.

अक्काने स्टुलावरचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. मग ती बसली. आधी काउंटर धरून, हळूहळू, गादी खरंच खाली आहे ना याची खात्री करत. इतक्या वर्षांत त्या मजल्यावर बसलेली मी तिला पहिल्यांदा पाहत होते. बसल्यावर तिचे खांदे खाली आले आणि डोळे आपोआप मिटले. अधिकाऱ्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं, मला म्हणाले "ठीक आहे," आणि लिफ्टकडे गेले. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं, नमस्कार केला. दार बंद झालं. मी वळले.

अक्का अजून बसलेली होती. अजून डोळे मिटलेले.

"अक्का," मी म्हटलं, "आता उठा."

'उठा' म्हटलं, 'ऊठ' नाही. तेवढा मान ठेवला. ती लगेच उठली. काउंटर धरूनच उठली, गठ्ठा उचलून परत स्टुलावर ठेवला, त्याची कडा सरळ केली आणि साड्यांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. बाकी दहा जणी आपापल्या साड्या घडी करत होत्या.

त्यानंतर ती फार दिवस टिकली नाही कामावर. आधी एक दिवस रजा, मग चार दिवस, मग येणंच थांबलं. ऑफिसने तिच्या काउंटरला दुसरी मुलगी दिली. मी कामात होते, असं मी स्वतःला तीन आठवडे सांगितलं. मग एका रविवारी सकाळी तिच्याकडे गेले.

तांबरमला उतरून शेअर ऑटोने बरंच आत जावं लागतं. एका ओळीत बांधलेल्या खोल्या होत्या, तिची तिसरी. दार उघडंच होतं. ती खाटेवर बसली होती, डावा पाय उशीवर, घोट्याला पांढरं बँडेज. मला पाहिलं आणि ती उठून उभी राहिली.

मी म्हटलं, "अक्का, बसा, बसा." ती म्हणाली, "असू दे मॅडम." मी खुर्ची ओढून बसले, म्हणजे ती बसेल असं वाटलं. ती खाटेची दांडी धरून उभीच. मी पुन्हा म्हटलं, "बसा हो." तिने मान हलवली आणि साडीचा पदर सारखा केला. दुकानात मी 'उठा' एकदाच म्हटलं होतं आणि ती त्या क्षणी उठली होती. तिच्या स्वतःच्या घरात मी 'बसा' तीनदा म्हटलं तरी ती बसेना. ते मुद्दाम नव्हतं, मला टोचायला नव्हतं. माझ्यासमोर बसायचं कसं, हे तिला खरंच येत नव्हतं. मग मीच उठले. आम्ही दोघी त्या लहान खोलीत समोरासमोर उभ्या राहिलो, आणि मला रडू आलं. रडू आलं याचंही मला बरं वाटलं नाही, कारण लगेच ती मला पाणी द्यायला वळली.

मी तिचा हात धरून तिला खाटेवर बसवलं. धरून, वजन देऊन. मग कुठे ती बसली. मी तिच्या शेजारी खाटेवर बसले.

"अक्का," मी म्हटलं, "ते गठ्ठे. मुदलाळींनी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यातून निघालं ते."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"मुदलाळींना असं सुचेल का?" ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. "ते कुठे उभे राहिलेत काउंटरमागे? स्टूल आलं तर आम्ही कधी बसू, कशा बसू, कॅमेऱ्याला कसं चुकवू, हे ज्याला ठाऊक त्यालाच ते सुचणार. गठ्ठे दिसले तेव्हाच सगळ्यांना कळलं."

सगळ्यांना. म्हणजे एक वर्ष मी ज्यांच्यासमोर मान वर करून फिरत होते, त्या सगळ्यांना. मला वाटत होतं की त्या मला घाबरतात. त्या मला ओळखत होत्या.

मी काहीतरी बडबडले, मी मुदलाळींशी बोलते, तुम्हाला पॅकिंगला बसून काम देऊ, असं. ती म्हणाली, "आता नको. आता पाऊल टाकलं की ठणकतं. तिथवर यायचं कसं?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी काही आणून देऊ का, असं विचारलं, तर तिने थोडा विचार केला. "माझ्या काउंटरच्या डाव्या कप्प्यात, अगदी मागे, जुन्या पिशव्यांखाली एक पुठ्ठा आहे," ती म्हणाली. "तो तुम्हाला सापडला नव्हता. आता जी मुलगी आहे तिला द्या. नवी असताना पाय फार दुखतात."

सोमवारी मी दुकान उघडायच्या आधी गेले. पुठ्ठा होता. मधोमध दोन पावलांचे काळसर, चपटे डाग. मी तो तिथेच, नव्या मुलीच्या काउंटरखाली ठेवला आणि वर मुदलाळींकडे गेले. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. ते रागावले तर काय म्हणायचं, काढून टाकतो म्हणाले तर काय म्हणायचं, सगळं.

"सार," मी म्हटलं, "स्टुलांवरचे गठ्ठे मी काढून टाकतेय. आजपासून बायका बसतील."

ते कसलं तरी बिल वाचत होते. मान वर करून म्हणाले, "कुठले गठ्ठे?"

मी सांगितलं. त्यांनी भुवया उंचावल्या, "बरं, बघा तुम्ही," म्हणाले आणि बिल वाचायला लागले.

जिन्यावर येऊन मी कठडा धरून उभी राहिले. जो माणूस मला काढून टाकेल म्हणून मी अक्काचा पाय पणाला लावला होता, त्याला ते गठ्ठे ठाऊकसुद्धा नव्हते. त्याने कधी पाहिलंच नव्हतं. सगळं माझ्याच हातात होतं, पहिल्या दिवसापासून. आजवर कितीतरी रागाचे झटके आलेत मला, पण इतका राग कोणाचा कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर दुसरं कोणी नव्हतं.

अकरा गठ्ठे काढायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं, गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसा. 'सरी मॅडम,' म्हणजे बरं मॅडम, सगळ्या म्हणाल्या. दुपार झाली, मजला रिकामा झाला, कोणी बसलं नाही. मी पुन्हा सांगितलं. एकीने स्टुलाच्या कडेला टेकल्यासारखं केलं आणि मी बघतेय हे लक्षात येताच पुन्हा उभी राहिली. मी स्वतः एक स्टूल ओढून त्यांच्यात बसून पाहिलं. मग तर त्या अजूनच ताठ झाल्या, चाचणी चालल्यासारख्या. मी गोड बोलून पाहिलं, मग माझा स्वभाव उफाळून आला आणि मी ओरडले, "बसा म्हणतेय ना!" त्या दचकून बसल्या, हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत.

याला आता सात-आठ महिने झाले. मी एक मार्ग काढलाय, तोच सांगते आणि थांबते. दर महिन्याला एकदा मी अक्काकडे जाते. पाय अजून भरला नाहीये. ती अजून मॅडमच म्हणते आणि मी आत आले की अजून उठते. मी दारातूनच हात करते, तरी उठते. आणि दुकानात रोज दुपारी अडीच वाजता मी मजला सोडून जिन्यावर जाते. मधल्या वळणावर, जिथून वरचं दिसत नाही, तिथे उभी राहते. चांगला अर्धा तास. जिन्यावर खुर्ची नाही, मी आणूनही ठेवत नाही. थोड्या वेळाने वर स्टुलं सरकल्याचा आवाज येतो, एक, मग दुसरं, मग बोलण्याचा, हसण्याचा.

तीन वाजता मी वर यायला निघते. मुद्दाम पाय आपटत, हळूहळू येते, म्हणजे त्यांना वेळ मिळावा. शेवटच्या चार पायऱ्या उरल्या की वर ब्लाउज पीसवाली मोजपट्टी काउंटरवर दोनदा आपटते. टक टक. आणि मी दारात पोचते तेव्हा अकराही जणी उभ्या असतात.